‘थिल्लर’ या मूल्यवाचक शब्दाची पूर्वपीठिका

१

मराठी समीक्षेच्या परिभाषेत काही शब्द असे आहेत की, ते उच्चारले जाताच चर्चा संपते. ‘थिल्लर’ हा त्यांपैकी एक. एखादी साहित्यकृती दुर्बोध आहे असे म्हटले, तर ती कोणाला व का दुर्बोध वाटते हा प्रश्न उभा राहतो. ती प्रचारकी आहे असे म्हटले, तर प्रचार कशाचा याचे उत्तर द्यावे लागते. ‘थिल्लर’ म्हणणाऱ्याला मात्र सहसा कोणी पुरावा मागत नाही. हा शब्द निष्कर्ष म्हणूनच अवतरतो, त्याच्या मागची विधाने अध्याहृत राहतात. ज्या कृतीविषयी तो वापरला जातो तिची बाजू मांडणे हेही थिल्लरपणाचेच लक्षण मानले जात असल्यामुळे प्रतिवादाची वाट आपोआप बंद होते.

या शब्दाचे वेगळेपण ‘अश्लील’ या शब्दाशी तुलना केल्यास स्पष्ट होते. अश्लीलतेचा आरोप न्यायालयात सिद्ध करावा लागतो, आणि म्हणून तो फेटाळलाही जाऊ शकतो. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील ‘शामा’ या कथेवरून चंद्रकांत काकोडकर यांच्यावर खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये लेखक निर्दोष ठरला. वाङ्मयीन गुणवत्तेची उणीव व अश्लीलता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद त्या निर्णयाच्या मुळाशी आहे. म्हणजे विधिव्यवहाराने लेखकाला एका आरोपातून मुक्त केले. परंतु दुसऱ्या आरोपाची सुनावणी कोणत्याच न्यायासनापुढे होत नाही. ती समीक्षेनेच करावयाची असते, आणि तिने ती केली असे फारसे दिसत नाही. अश्लील ठरवल्या गेलेल्या लेखनाचा इतिहास लिहिता येतो, कारण त्याची कागदपत्रे उपलब्ध असतात. थिल्लर ठरवल्या गेलेल्या लेखनाचा इतिहास लिहिणे त्या मानाने कठीण. त्याच्यावर बंदी येत नाही, ते केवळ विचारात घेतले जात नाही. म्हणूनच ज्या शब्दाने हे घडते त्या शब्दाचीच पूर्वपीठिका तपासणे आवश्यक ठरते.

२

‘थिल्लर’ हा मुळात माणसाच्या स्वभावाचा किंवा लेखनाच्या प्रकृतीचा वाचक शब्द नाही. तो पाण्याचा शब्द आहे. जुन्या मराठीत ‘थिल्लर’ म्हणजे डबके, पाण्याचा लहानसा साठा. ज्ञानेश्वरीत तो याच अर्थाने येतो. प्राकृतात लहान तळ्यासाठी ‘छिल्लर’ असा शब्द आढळतो, आणि हिंदीतील ‘छिछला’ हाही उथळ पाण्याचाच वाचक आहे. ‘थिल्लर’शी ध्वनिसाम्य असलेला ‘चिल्लर’ मात्र निराळ्या कुळातला दिसतो. सुट्या, किरकोळ नाण्यांसाठी असलेल्या या शब्दाचे नातेवाईक कानडी-तमिळ प्रदेशात आहेत. तथापि बोलणाऱ्याच्या कानाला व्युत्पत्तीचे कुलभेद ठाऊक नसतात. ‘थिल्लर’मधील क्षुद्रतेची छटा गडद होण्यास ‘चिल्लर’च्या शेजाराने हातभार लावला असणे अशक्य नाही.

संतसाहित्यातील थिल्लराला जे स्थान आहे ते ध्यानात घेतले पाहिजे. वेदान्ती दृष्टान्तांच्या जगात तळे, डबके, घट ही सारी उपाधीची रूपे आहेत. सूर्य एकच, पण जितके जलाशय तितकी त्याची प्रतिबिंबे. या विचारव्यूहात लहान जलाशय मर्यादित असतो, दोषी नसतो. डबक्यातले बिंब आणि समुद्रातले बिंब एकाच सूर्याचे असते, किंबहुना दृष्टान्ताचे सारे बळ या समानतेतच आहे. मर्यादितपणा हा दोष नव्हे, ती अवस्था आहे. आजच्या ‘थिल्लर’मध्ये जो तिरस्कार आहे तो या संदर्भात नाही. पाण्याच्या एका आकारमानाचे नाव पुढे माणसाच्या वृत्तीवरील शेरा कसा झाला, हा म्हणूनच केवळ कोशकाराचा प्रश्न उरत नाही.

या स्थित्यंतराचे एक कारण भाषेच्या रूपकव्यवस्थेत सापडते. मराठीत हलकेपणा आणि गांभीर्य यांविषयी बोलताना पाण्याची भाषा आश्चर्यकारक प्रमाणात वापरली जाते. ‘उथळ’ हे उघडच पाण्याचे विशेषण आहे, आणि उथळ पाण्याच्या खळखळाटाची म्हण सर्वश्रुत आहे. कस नसलेल्या विनोदाला ‘पाणचट’ म्हणतात. क्षणिक इच्छेला ‘लहर’ म्हणतात, आणि तिच्या अधीन झालेल्या माणसाला ‘लहरी’. संस्कृतातील ‘लहरी’ म्हणजे लाट. अरबी-फारसीतून आलेला ‘मौज’ हा शब्दही मूळचा लाटेचाच वाचक आहे. म्हणजे दोन अगदी भिन्न भाषाकुलांतून आलेल्या लाटा मराठीच्या किनाऱ्यावर एकाच अर्थक्षेत्रात येऊन फुटल्या. उलट बाजूस ‘गंभीर’ या शब्दाचा मूळ संस्कृत अर्थ ‘खोल’ असा आहे. ‘गहन’, ‘सखोल’, ‘अथांग’, ‘तळ गाठणे’ ही सारी गौरवाची शब्दयोजना त्याच खोलीतून आलेली आहे. ज्याचा तळ दिसत नाही ते मोठे, आणि ज्याचा तळ सहज दिसतो ते क्षुल्लक, असा हा संकेत आहे.

युरोपीय भाषांतील रूपके याहून वेगळी आहेत, हे तुलनेने पाहणे उद्बोधक ठरेल. इंग्रजीत गांभीर्यासाठी ‘ग्रॅव्हिटी’ आणि चापल्यासाठी ‘लेव्हिटी’ हे शब्द आहेत. दोन्ही लॅटिनमधून आले असून त्यांचे मूळ वजनात आहे. पहिला जडपणाचा, दुसरा हलकेपणाचा. ‘फ्रिव्हलस’ या शब्दाच्या पूर्वजांपैकी एक लॅटिन ‘फ्रिव्होला’, म्हणजे घरातले मोडकेतोडके, किरकोळ सामान. ‘ट्रिव्हियल’चा संबंध तीन रस्ते मिळतात त्या ठिकाणाशी लावला जातो. कोकणातल्या माणसाला तिथे ‘तिठा’ हा शब्द सहज आठवेल. वजनाची रूपके मराठीतही आहेत. ‘हलका’, ‘वजनदार’, ‘पोकळ’ हे शब्द त्याची साक्ष देतात. ‘फाजील’ या शब्दाचा प्रवास तर सर्वांत विलक्षण म्हटला पाहिजे. मूळ अरबीत ‘उरलेले, अधिक’ या अर्थाचा हा शब्द मराठीत ‘फाजील खर्च’ इथपर्यंत त्या अर्थाशी प्रामाणिक राहतो, आणि ‘फाजीलपणा’त एकदम आचरटपणाच्या जवळ जातो. जे गरजेपेक्षा अधिक, ते असभ्य, असा न्याय त्यामागे आहे. इंग्रजीतही उथळपणाचे रूपक नाही असे नव्हे. शेक्सपियरने एका बढाईखोर न्यायाधीशाचे नावच ‘शॅलो’ असे ठेवले आहे. परंतु मराठीत जी जलरूपके एकत्र नांदतात, त्यांची दाट वस्ती लक्षणीय आहे.

रूपक ही केवळ अलंकरणाची बाब नसते. ते पाहण्याची दिशा ठरवते. वजनाचे रूपक स्वीकारले की वस्तू तराजूत टाकावी लागते, दुसऱ्या वस्तूशी तिची तुलना करावी लागते. खोलीचे रूपक स्वीकारले की पृष्ठभागाकडे पाहण्याचे कारणच उरत नाही. पृष्ठभाग हे तळाकडे जाताना ओलांडावयाचे एक आवरण ठरते. ज्या साहित्याचे सारे कौशल्य पृष्ठभागावरच असते, उदाहरणार्थ शब्दांची कोटी, लय, हजरजबाबीपणा, नक्कल, ठेका, ते साहित्य या दृष्टीला दिसूच शकत नाही. ते तिच्या लेखी तळ नसलेले पाणी असते.

३

ही दृष्टी मराठी परंपरेत आरंभापासून होती काय? प्राचीन मराठी गद्याचा पुरावा तसे सांगत नाही. मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथाचे नाव ‘लीळाचरित्र’ आहे. ‘लीळा’ म्हणजे क्रीडा. चक्रधरांच्या आयुष्यातील घटनांना म्हाइंभटांनी तेराव्या शतकात जे नाव दिले, त्या नावातच खेळाचा स्वीकार आहे. गोविंदप्रभूंच्या लीळा तर याहून पुढे जातात. मुलांत खेळणे, खाऊसाठी हट्ट धरणे, वेडगळ वाटणारे वर्तन करणे, या साऱ्यांची त्यात बारकाईने नोंद आहे. या नोंदी भक्ताने लिहिल्या आहेत, आणि त्या लिहिताना त्याला संकोच वाटलेला नाही. क्षुल्लक वाटणाऱ्या कृतीतही परमेश्वराचा व्यवहार पाहणारी ही दृष्टी ‘थिल्लर’ हा शेरा मारूच शकली नसती. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडांसाठी जी सोंगे निवडली त्यांतही बाजारातली, रस्त्यावरची, नकलाकाराची भाषा आहे. तेथे हास्य हे अध्यात्माकडे नेणारे वाहन आहे, अध्यात्मातील व्यत्यय नव्हे.

तथापि हास्याची प्रतवारी मात्र भारतीय परंपरेत फार जुनी आहे, हे मान्य करावे लागते. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा प्रकार सांगितले आहेत, आणि ते जोडीजोडीने उत्तम, मध्यम व अधम प्रकृतींना वाटून दिले आहेत. दात न दाखवता केलेले स्मित उत्तमांचे, अंग हलवून केलेले अतिहसित अधमांचे. म्हणजे हसण्याची मात्रा जशी वाढते तशी हसणाऱ्याची सामाजिक पायरी खाली येते. येथे एक गोष्ट मात्र आवर्जून ध्यानात घ्यावी. भरत अधमांच्या हास्यालाही शास्त्रात जागा देतो. त्याचे वर्णन करतो, त्याला नाव देतो, ते नटाला शिकवतो. त्याची श्रेणी विषम आहे, परंतु ती कोणाला वगळत नाही.

सतराव्या शतकात रामदासांनी दासबोधात विनोदाची आवड टवाळाच्या पदरी घातली, हे वचन मराठीत विनोदाविरुद्धचा दाखला म्हणून वारंवार वापरले गेले आहे. परंतु त्या वचनाचा संदर्भ श्रवणाचा आहे. साधकाने काय ऐकावे हे सांगताना, ज्याची जशी वृत्ती तशी त्याची आवड, अशी एक यादीच रामदास देतात, आणि तीत टवाळाचा क्रम लागतो. मोक्षमार्गावरील श्रोत्यासाठी केलेले हे मार्गदर्शन होते. संदर्भातून सुटल्यानंतर ते सर्व वाङ्मयावरील सार्वकालिक निवाडा बनले. वचन जुने राहिले, पण त्याच्याकडून करवून घेतलेले काम नवे होते.

४

हे नवे काम एकोणिसाव्या शतकातले आहे. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि इंग्रजी साहित्याच्या अध्ययनातून तयार झालेला वाचक मराठीकडे नव्या अपेक्षांनी पाहू लागला. मॅथ्यू अर्नोल्डने १८८० मधील आपल्या काव्याभ्यासविषयक निबंधात श्रेष्ठ काव्यासाठी उच्च गांभीर्याची कसोटी लावली, आणि त्या कसोटीवर चॉसरसारख्या कवीलाही अंतिम श्रेणी नाकारली. अर्नोल्डने ही संकल्पना ॲरिस्टॉटलकडून घेतल्याचे सांगितले. महाविद्यालयांतून ती पुढे झिरपली. १८७४ मध्ये सुरू झालेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने मराठी गद्याला जी प्रौढी दिली तिचे मोल निर्विवाद आहे. स्वतः चिपळूणकरांचा उपरोध धारदार होता. तरीही पारतंत्र्यातील समाजाला स्वत्व सिद्ध करावयाचे असताना प्रौढत्व हे वाङ्मयीन मूल्याबरोबरच राजकीय मूल्यही बनले. राज्यकर्ते ज्या प्रजेला बाल ठरवत होते, त्या प्रजेच्या लेखकांना पोरकटपणा परवडणारा नव्हता. ‘थिल्लर’ या शब्दातील धार समजून घेताना हे ऐतिहासिक दडपण दृष्टीआड करता येत नाही.

या काळाचे चित्र पाहण्यासाठी ठाणे शहर हे विशेष सोयीचे ठिकाण आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास पोहोचली, पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. १८६४ मध्ये कल्याणला सार्वजनिक वाचनालय निघाले. १८६६ मध्ये ठाण्यास काशीनाथ विष्णु फडके यांनी ‘अरुणोदय’ हे वृत्तपत्र सुरू केले, आणि त्याच घराण्याच्या छत्राखाली ‘हिंदुपंच’ हे विनोदी पत्रही निघू लागले. त्याचे नाव लंडनच्या १८४१ पासूनच्या ‘पंच’वरून घेतलेले असले, तरी ‘पंच’ या शब्दाचा मराठी अर्थ त्याला आयताच मिळाला होता. पंच म्हणजे निवाडा करणारा. विदूषक आणि न्यायाधीश या दोन भूमिका एका शब्दात आल्या, हा योगायोग त्या पत्राच्या प्रकृतीला साजेसाच म्हणावा लागेल. त्याच शहरात १८९३ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. त्याच्या संस्थापकांतील विनायक लक्ष्मण भावे यांनी पुढे ‘महाराष्ट्र कवि’ या मासिकातून जुन्या कवींच्या संहिता छापल्या आणि ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा प्राचीन वाङ्मयाचा इतिहास सिद्ध केला. ज्या जुन्या ग्रंथांत ‘थिल्लर’ हा शब्द अद्याप पाण्याचाच वाचक होता, त्यांना आधुनिक वाचकांपुढे आणण्याच्या कामात ठाण्याचा असा वाटा आहे.

एकाच गावात, एकाच पिढीच्या अंतरात, हे दोन उद्योग चालले होते. एक जुन्या मराठीचे जतन करणारा, दुसरा चालू मराठीत हसणारा. वाङ्मयेतिहासाने पहिल्याची कृतज्ञ नोंद केली. दुसरा वृत्तपत्रांच्या इतिहासातील एका ओळीपुरता उरला. परंतु हलके मानले गेलेले हे पत्र परिणामांत हलके नव्हते. टिळकांना १९०८ मध्ये झालेल्या शिक्षेनंतरच्या तप्त वातावरणात, १९०९ साली, गोपाळ कृष्ण गोखले यांना ‘हिंदुपंच’विरुद्ध अब्रुनुकसानीची फिर्याद करावी लागली. त्या काळातील सर्वांत संयमी राजकारण्यास ज्या पत्राची दखल न्यायालयात जाऊन घ्यावीशी वाटली, त्याची दखल वाङ्मयसमीक्षेला घ्यावीशी वाटली नाही. त्या पत्राचा आरोप न्याय्य होता असे यातून सुचवावयाचे नाही. विनोदी पत्र म्हणजे निरुपद्रवी करमणूक, ही समजूत त्या पत्राच्या समकालीनांची नव्हती, इतकेच येथे नोंदवावयाचे आहे.

विनोदाचे समर्थन मराठीत झालेच नाही असे नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याच्या पोह्यां’नी विनोदाला सामाजिक टीकेचे अधिष्ठान दिले. न. चिं. केळकरांनी ‘सुभाषित आणि विनोद’ व पुढे ‘हास्यविनोदमीमांसा’ लिहून त्याला शास्त्रचर्चेत बसवले. या समर्थनाचे ऐतिहासिक श्रेय मोठे आहे. पण त्याची एक किंमतही मोजावी लागली. विनोद हा सुधारणेचे साधन आहे, किंवा हास्यामागे अश्रू लपलेले आहेत, या दोन आधारांवरच त्याला प्रतिष्ठा मिळू लागली. श्रेष्ठ विनोद कारुण्याच्या काठावर उभा असतो, हे विधान विसाव्या शतकातील मराठी समीक्षेत इतक्या वेळा आले आहे की, त्याचा अर्थ तपासण्याची गरज कोणास वाटेनाशी झाली. त्याचा फलितार्थ असा की, पाणी खोल असल्याचे सिद्ध करता आले तरच ते मान्य. म्हणजे विनोदाच्या समर्थकांनीही खोलीचे रूपक तसेच ठेवले आणि आपल्या आवडीच्या लेखकांना खोल गटात हलवून घेतले. जो विनोद फक्त हसवतो, ज्याच्या मागे अश्रू नाहीत आणि पुढे सुधारणा नाही, तो पूर्ववत थिल्लरच राहिला.

शब्दांचा इतिहास अशा सोयीस्कर विभागण्यांची अनेकदा फजिती करतो. एकोणिसाव्या शतकात पौराणिक नाटकाच्या अखेरीस होणारा ‘फार्स’ विसाव्या शतकात ‘चौकशीचा फार्स’ अशा वाक्प्रयोगात निंदेचा धनी झाला, तरी बबन प्रभूंच्या फार्सांसाठी नाट्यगृहे भरत राहिली. आणि ‘मौज’ हे अनंत हरी गद्रे यांनी १९२० च्या दशकात काढलेल्या साप्ताहिकाचे खेळकर नाव पुढे ज्या प्रकाशनगृहाला लाभले, तेच गृह ‘सत्यकथे’च्या द्वारा, १९८२ मध्ये ते मासिक बंद होईपर्यंत, मराठीतील सर्वांत कठोर वाङ्मयीन गांभीर्याचे पीठ मानले गेले. ‘मौजे’च्या घरातून गांभीर्याचे दंडक निघाले, यात विसंगती पाहण्याचे कारण नाही. मौज आणि गांभीर्य परस्परांचे वैरी नसतात, याचा तो घरचाच पुरावा आहे.

५

या रूपकाने मराठी वाङ्मयेतिहासातून काय वगळले, याचा हिशेब मांडणे अवघड असले तरी त्याच्या कडा दिसतात. शाहिरी वाङ्मयातील लावणी हे त्याचे ठळक उदाहरण. तिचा शृंगार अडचणीचा ठरला हे सर्वज्ञात आहे. परंतु तिच्याविषयीची नापसंती केवळ शृंगारापुरती नव्हती. ठेका, यमक, नखरा, प्रश्नोत्तरांची चढाओढ, हे सारे पृष्ठभागाचे वैभव ‘उथळ’ ठरले होते. य. न. केळकरांना आपल्या संकलनाला ‘अंधारातील लावण्या’ असे नाव द्यावेसे वाटले, यातच तिच्या स्थितीची कबुली आहे. १९५६ मधील म. वा. धोंड यांच्या ‘मऱ्हाटी लावणी’ने तिच्या रचनातंत्राकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले तेव्हा दिसून आले की, पृष्ठभागाचाही अभ्यास करता येतो, फक्त त्यासाठी वेगळी साधने लागतात. बाबुराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांनी मराठीत वाचकांच्या पिढ्या घडवल्या. त्या कथांतील गतीचे, प्रसंगबांधणीचे, भाषेच्या काटकसरीचे विवेचन समीक्षेने जवळपास केलेच नाही. स्त्रियांची फुगडीची व भोंडल्याची गाणी, त्यांतील सासरच्या माणसांची थट्टा, ही लोकसाहित्याच्या संकलनांत सुरक्षित राहिली, काव्यचर्चेत मात्र आली नाहीत.

या यादीतील एक समान सूत्र दुर्लक्षिण्याजोगे नाही. फडावरच्या कलावंत स्त्रिया, फेर धरणाऱ्या मुली, वाचनालयातून रहस्यकथा नेणारा कारकून वा गिरणीकामगार, आगगाडीच्या डब्यात दाटीवाटीने वाचणारा नोकरदार, अशांच्या आनंदाला हा शब्द प्रामुख्याने चिकटला. भरताच्या श्रेणीतील अधम प्रकृतीला निदान नाव होते. आधुनिक समीक्षेच्या श्रेणीत तेही उरले नाही. शं. ना. नवऱ्यांच्या डोंबिवलीसारख्या गावात, जेथे वाचनाचा मोठा भाग रोजच्या गाडीच्या वेळापत्रकात बसवावा लागतो, तेथे सलग तीन तासांच्या एकाग्रतेची अपेक्षा करणारे साहित्य आणि दोन स्थानकांच्या दरम्यान पुरे होणारे साहित्य यांची तुलना केवळ खोलीच्या मापाने करणे अन्यायाचे आहे. वाचनाची परिस्थिती ही वाङ्मयाबाहेरची गोष्ट नव्हे. ती वाङ्मयप्रकाराच्या घडणीतच सामील असते. १९६०, १९८८ व २०१० मध्ये ठाण्यास आणि २०१७ मध्ये डोंबिवलीस अखिल भारतीय साहित्य संमेलने भरली. ज्या नगरांनी या संमेलनांचे यजमानपद भूषवले, त्या नगरांतील वाचनाचे हे वास्तव चर्चेच्या केंद्रस्थानी यावयास हवे.

रूपकाचाच मागोवा घेत शेवटपर्यंत गेल्यास, खोल पाणी थोर आणि उथळ पाणी हीन हा संकेत प्रत्यक्ष पाण्याच्या बाबतीतही खरा ठरत नाही. ठाण्याला तळ्यांचे शहर म्हणतात. मासुंदा तलाव किंवा कल्याणचा काळा तलाव यांची थोरवी त्यांच्या खोलीवरून कोणी मोजलेली नाही. त्यांच्या काठावर गाव वसले यात ती आहे. या जिल्ह्याचे मुख्य पीक भात. त्याची रोपे खाचरातल्या घोट्याएवढ्या पाण्यात लावली जातात, आणि त्या कामाला ‘लावणी’ म्हणतात. गाण्याच्या ‘लावणी’ची व्युत्पत्ती या क्रियेशी जोडावी की ‘लावण्य’ वा ‘लापनिका’ या शब्दांशी, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु शेतातल्या लावणीला खोल पाणी चालत नाही, याविषयी मतभेद नाही. ठाण्याच्या खाडीकाठी मिठागरे होती व काही ठिकाणी आजही आहेत. तेथे समुद्राचे पाणी बांध घालून आत घेतात आणि मुद्दाम उथळ पसरतात, कारण त्याशिवाय ऊन त्यातले मीठ बाहेर काढू शकत नाही. अथांग समुद्रात मीठ असतेच, पण ते हाती लागते उथळ वाफ्यात. हीच खाडी २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाली आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या यादीत गेली. हे पक्षी तेथे येतात ते उथळ पाण्यातील चिखलावर चरण्यासाठी.

यावरून सर्व उथळ लेखन मौल्यवान असते असा निष्कर्ष काढणे हे पहिल्या चुकीइतकेच चुकीचे होईल. साचलेले डबके आणि भाताचे खाचर यांत फरक आहेच. तो खोलीचा नाही. त्या पाण्यात काय रुजते, ते कोठून येते व कोठे जाते, याचा आहे. मराठी भाषेने त्यासाठी वेगवेगळे शब्दही दिलेले आहेत. ‘पाणचट’ म्हणजे ज्यात मिसळ करून कस घालवला ते. ‘उथळ’ म्हणजे ज्याचा तळ दिसतो ते. ‘थिल्लर’ म्हणजे मुळात जे लहान आहे ते. हे तीन दोष नव्हेत. पहिला दोष आहे, दुसरे वर्णन आहे, तिसरे माप आहे. या तिन्हींना एकाच निंदेच्या थैलीत भरल्यामुळे समीक्षेने स्वतःच्याच परिभाषेतील तीन उपयुक्त भेद गमावले.

‘थिल्लर’ हा शब्द समीक्षेतून हद्दपार करावा, अशी मागणी करण्याचे कारण नाही. शब्द हद्दपार केल्याने दृष्टी बदलत नाही. तो वापरणाऱ्याने मात्र इतर विशेषणांप्रमाणेच त्याचाही पुरावा द्यावा, एवढी अपेक्षा रास्त आहे. कृतीत काय लहान आहे, ते कोणत्या मोठ्याच्या तुलनेत, आणि ज्या वाचकासाठी ती रचली गेली त्याच्या हाती तिने काय दिले, या तीन प्रश्नांची उत्तरे दिल्यानंतर जो शेरा उरेल तो कदाचित कठोरही असेल, पण तो निवाडा असेल. तोवर ज्या लेखनाला या एका शब्दाने दाराबाहेर ठेवले आहे, त्याची सुनावणी व्हावयाची आहे असेच मानावे लागेल.